खालचा ठोका

दूधवाल्यानं एखाद्या दिवशी चांगलं दाट दूध घातलं की मला आनंद होत नाही. इतके दिवस हा पाणी किती घालत होता, हा विचार आधी येतो. माझी बायको संघप्रिया म्हणते, "तुमच्या डोक्यात संशयाचं नुसतं बी न्हाय, अख्खं रान माजलंय." माजलं असेल. पण आमच्या धंद्यात संशय घेतल्याशिवाय माणूस जिवंत राहत नाही, हे तिला कोण सांगणार?

आमचा धंदा पन्हळी साफ करण्याचा. छपराच्या कडेनं पावसाचं पाणी वाहून नेणारी पत्र्याची जी नाली असते, ती पन्हळ. कारखान्याच्या शेडा, गोदामं, मंगल कार्यालयं, सगळीकडं असते आणि वर्षभर कुणी तिच्याकडं बघत नाही. तिच्यात पाला पडतो, धूळ बसते, कबुतरं घाण करतात आणि गळीत हंगामात कारखान्याच्या चिमणीची काजळी येऊन साचते. मग पावसाळ्यात पाणी उलटं आत शिरतं, ऐन अक्षतांच्या वेळी नवरदेवाच्या फेट्यावर धार लागते, आणि लोकांना आमची आठवण होते. आमची म्हणजे माझी, धम्मपालची, आणि माझा भागीदार अमीनची. दोघंही शिवाजी पेठेतले, एकाच गल्लीत लहानाचे मोठे झालेले.

काम वाटून घेतलेलं. अमीन वर, मी खाली. तो सडपातळ, आणि माझं वजन कुणी विचारू नये. सिमेंटचा पत्रा जुना झाला की माणसाला पेलत नाही. त्याच्याखाली जिथं आडवा लोखंडी पाइप असतो तेवढ्याच ओळीवर पाय टाकायचा. त्यात उजेडासाठी मधे मधे प्लॅस्टिकचे पत्रे घातलेले असतात आणि ते उन्हानं पापडागत झालेले. वरून धूळ बसली की सिमेंट आणि प्लॅस्टिक एकाच रंगाचं दिसतं. वर उभ्या माणसाला फरक कळत नाही. खाली उभ्या माणसाला कळतो, कारण प्लॅस्टिकमधून उजेड येतो.

म्हणून आम्ही आमची एक रीत बसवली होती. मी शेडच्या आत लांब बांबू घेऊन उभा राहायचो. पाइपावर एक ठोका दिला की अमीननं वर एक पाऊल पुढं टाकायचं. लागोपाठ दोन ठोके म्हणजे थांब, पुढं प्लॅस्टिक आहे. मग तो फळी आडवी टाकून तेवढा भाग ओलांडायचा. प्लॅस्टिकवर पाय पडला तर माणूस थेट खालच्या फरशीवर. आमच्या माहितीतली माणसं अशी गेली आहेत. अमीन कधी पडला नाही, कारण माझा ठोका कधी चुकला नाही. मला त्याचा गर्व आहे, उगाच नम्रपणा कशाला दाखवू?

तर गेल्या दिवाळीनंतर या अमीनच्या डोक्यात यंत्र शिरलं. पन्हळ साफ करायचं व्हॅक्यूम. आपण जमिनीवर उभं राहायचं, लांब नळी वर सरकवायची, यंत्र गाळ ओढून टाकीत घेतं. नळीच्या टोकाला कॅमेरा, हातात पडदा. वर चढायचं कामच नाही. यंत्र चांगलं निघालं तर अमीनला जन्मात परत पत्र्यावर पाय ठेवायला नको. वाईट निघालं तर आमची सगळी शिल्लक त्यात जाणार, आणि तो पुन्हा वर, मी पुन्हा खाली. म्हणून निवड नीट व्हायला पाहिजे होती.

पण मला भलताच प्रश्न पडला. हा माणूस आजवर "मशीनला काय कळतंय?" म्हणत आला. खुरपं आणि पोतं सोडून त्यानं दुसरं हत्यार हातात धरलं नाही. त्याला एकाएकी यंत्राचं वेड कसं लागलं?

शाहूपुरीत एका दुकानात अशी यंत्रं आली होती. विकणारा ऋतुराज नावाचा तरुण, शर्ट इस्त्रीचा, बोलणं गोड. त्यानं दुकानातच एक नवी कोरी पन्हळ टांगली होती आणि तिच्यात वाळलेली पानं ठेवली होती. बटण दाबलं, नळी फिरवली, पानं गायब.

"बघा साहेब," तो म्हणाला.

"बघितलं," मी म्हणालो आणि बरोबर आणलेल्या डब्याचं झाकण काढलं. उद्यमनगरातल्या एका शेडच्या पन्हळीतला अस्सल माल होता तो. काजळी, कबुतरांची घाण, धूळ आणि पिंपळाच्या रोपाची मुळं, सगळं पाण्यात कालवलेलं. दुकानातल्या दोन गिऱ्हाइकांनी नाकाला रुमाल लावले.

"हे ओढून दाखवा."

"साहेब, एवढं ओलं…"

"मग पन्हळीत काय गुलाबाच्या पाकळ्या असत्यात व्हय?"

यंत्रानं थोडा गाळ ओढला, घुरघुरलं आणि नळी तुंबली. मी अमीनकडं विजयानं पाहिलं. तो माझ्याकडं बघतच नव्हता. पुढं होऊन म्हणाला, "चालतंय की. पाणी मारून पातळ करून घेऊ. ह्येच घेऊ आपण."

मी चाटच पडलो. डोळ्यांदेखत तुंबलेलं यंत्र हा घेऊ म्हणतो?

ऋतुराज मात्र म्हणाला, "खरं सांगू का, तुमच्या कामाला हे पुरणार नाही. हे दोन मोटरचं. तुम्हाला तीन मोटरचं, स्टीलच्या टाकीचं आणि रुंद नळीचं लागेल. पण ते मागवावं लागतं. महिना जाईल."

"ह्ये आज मिळतंय न्हवं?" अमीननं विचारलं.

"आज मिळतंय."

"मग ह्येच."

मी कार्बनच्या नळीवर हात ठेवला. "आनि वरनं विजेची तार गेली असली तर?"

"तर लांब राहायचं, साहेब. कार्बनमधनं करंट येतो. तिथं फायबरची नळी वापरायची."

इतकं खरं बोलणारा विक्रेता मी आयुष्यात पाहिला नव्हता, त्यामुळं माझा संशय दुप्पट झाला. एक जण स्वस्तातलं वाईट यंत्र घ्या म्हणून मागं लागलेला, दुसरा महागातलं घ्या म्हणतो. दोघांनी मिळून मला मधे धरलं असणार. शेवटी मी एवढंच कबूल केलं, की कोडोलीला एका मंगल कार्यालयाचं काम आहे, तिथं लहान यंत्र आणून चालवून दाखवा. ऋतुराज हो म्हणाला.

त्यानंतर मी अमीनवर नजर ठेवली. ठेवली म्हणजे ठेवलीच. त्याला फोन आला की तो आता माझ्यापासून लांब जायचा, भिंतीकडं तोंड करून बोलायचा. पूर्वी हा फोनवर बोलला तर अख्ख्या पेठेला कळायचं. चहाच्या गाडीवर मी काही म्हणालो तर अर्ध्या गोष्टींना नुसती मान हलवायचा, मनात दुसरंच काही चाललेल्या माणसासारखी. आणि त्याची मोटारसायकल मी शाहूपुरीत त्या दुकानासमोर लावलेली पाहिली. एकदा नाही. मला न सांगता, एकट्यानं. तिथं त्याचं काय काम?

काम एकच असू शकतं. कमिशन.

एकदा त्याच्याच गाडीवर मागं बसून पेठेत परतत होतो. मला राहवलं नाही. त्याच्या खांद्यावरून पुढं वाकून डाव्या कानाशी म्हणालो, "अमीन, खरं सांग. त्या पोराकडनं तुला किती मिळणार हाय?"

तो काही बोलला नाही. मान वळवली नाही, गाडीचा वेगही बदलला नाही. मला गल्लीच्या तोंडाशी उतरवलं आणि म्हणाला, "उद्या कोडोली. लवकर ये." आणि निघून गेला.

घरी येऊन मी संघप्रियाला सांगितलं. ती म्हणाली, "अमीनभावजी? कमिशन? जेवा गप."

"अगं, मी तोंडावर विचारलं. गप बसला."

"गाडीवर मागं बसून विचारल्याला तोंडावर विचारलं म्हणत्यात व्हय? समोर बसून विचारा."

पण निर्दोष माणूस खवळून उठतो, शिव्या देतो. गप्प राहतो तो चोर. मला त्या रात्री जेवण गेलं नाही. पैशाचं दुःख नव्हतं. ज्याचा जीव मी इतकी वर्षं बांबूच्या टोकावर सांभाळला त्यानं मला विकलं, हे गिळवत नव्हतं.

कोडोलीचं कार्यालय गावाबाहेर, लांबच लांब, सिमेंटच्या पत्र्याचं. आम्ही तिथं पहिल्यांदाच आलो होतो. दुसऱ्या दिवशी लग्न होतं आणि पन्हाळ्याच्या बाजूला वळवाचे ढग जमत होते. व्यवस्थापक आकाराम हात चोळत फिरत होता. "पावणं, कसंबी करा पर आजच्या आज पन्हळ मोकळी झाली पायजे."

ऋतुराजनं यंत्र लावलं. सुरुवातीला पाला निघाला, पडद्यावर स्वच्छ पत्रा दिसला, आकाराम खूश झाला. मग खालचा घट्ट गाळ लागला. यंत्र घुरघुरलं, नळी तुंबली. काढली, झटकली, पाणी मारलं, पुन्हा लावली. पुन्हा तुंबली. अर्धी पन्हळ तशीच भरलेली.

माझा संताप टाळूला पोचला. अमीनसमोर उभा राहून मी ओरडलो, "ह्येच घ्यायचं म्हणत हुतास न्हवं? ह्येच? मग आता चढ की वर!"

त्यानं माझ्या तोंडाकडं पाहिलं. खुरपं घेतलं, पोतं घेतलं, फळी घेतली आणि शिडी चढला. मी बांबू उचलून कार्यालयात गेलो.

आत जेवणाची टेबलं मांडून ठेवली होती. वर पत्र्याच्या राखाडी अंधारात ठिकठिकाणी पिवळट उजेडाचे चौकोन होते, प्लॅस्टिकचे. मी पहिल्या पाइपावर बांबूनं ठोका दिला. वर पाऊल पडलं. दुसरा ठोका देणार, तोवर पाऊल आधीच पडलं. मी ठोका द्यायच्या आत पुढचं पडलं. पत्रा पाइपाला जिथं आवळलेला असतो ती बोल्टची ओळ पायानं चाचपत चालला असेल, पण ठोक्याला थांबत नव्हता. खुरप्याचा खरखराट, पोतं ओढल्याचा आवाज, पुन्हा पाऊल. मला वाटलं, माझ्यावरचा राग काढतोय. तुझ्या ठोक्याची मला गरज नाही, असं दाखवतोय. चोर तो चोर आणि वर हा तोरा.

मग पिवळा चौकोन जवळ आला. मी लागोपाठ दोन ठोके दिले.

पाऊल पुढं आलं.

मी पुन्हा दोन दिले, हात दुखेल एवढ्या जोरात. पाइप वाजला, सगळं कार्यालय घुमलं. बाहेरून ऋतुराज आणि आकाराम आत धावत आले. वरचं पाऊल थांबलं नाही. पिवळ्या उजेडात एक काळी सावली सरकली. त्याच्या तळव्याची. अजून टेकला नव्हता, टेकणार होता.

मी ओरडलो नाही. बांबू दोन्ही हातांनी धरला आणि होता नव्हता तेवढा जोर लावून त्या प्लॅस्टिकमध्ये खुपसला. पत्रा फुटला, तुकडे आणि धूळ माझ्या तोंडावर आली, बांबू हातभर वर निघाला. त्याच्या पायापुढं निघाला असणार, कारण सावली झटक्यात मागं गेली. मग वर काहीतरी धप्पकन बसल्याचा आवाज आला. पाइपाच्या ओळीवरच. मी डोळ्यांतली माती पुसत बाहेर पळालो.

अमीन बोल्टची ओळ चाचपत, बसूनच मागं सरकत शिडीपर्यंत आला आणि खाली उतरला. त्याचं तोंड पांढरं पडलं होतं.

"ठोका का दिला न्हाईस?" त्यानं विचारलं.

"दिला की! चार येळा दिला! पाइप मोडायचा राहिला!"

तो माझ्या ओठांकडं बघत होता. डोळ्यांकडं नाही, ओठांकडं. आमच्या मागं आलेला ऋतुराज हळूच म्हणाला, "सांगा की त्यांना, अमीनभाई. किती दिवस लपवणार?"

अमीन शिडीच्या पायरीवर बसला.

"डावा कान गेला, धम्मा. दिवाळीत ताप आलता न्हवं, त्यात. उजव्यातबी आता बारीक आवाज येत न्हाय. ह्याच्या दुकानावर, वरच्या मजल्याला कानाचा डॉक्टर हाय. तिथं जातोय."

मीही खाली बसलो.

"आनि तसाच चढत हुतास?"

"जुन्या शेडा पाठ हायत मला. कुठं प्लॅस्टिक हाय, सगळं डोक्यात हाय. ह्ये कार्यालय तेवढं नवं निघालं. म्हणूनच तर म्हणत हुतो, ह्ये बारकं मशीन घेऊ. लगेच मिळतंय. मोठ्याला म्हैना लागणार, म्हंजे आजून म्हैनाभर वर चढायचं."

"मला सांगायचं न्हाईस व्हय रं?"

"सांगितलं असतं तर तू मला वर सोडलं असतास? दुसरा माणूस बघितला असतास. बघायलाच पायजे हुता. मग मी काय करायचं? आनि खरं सांगू? एक ठोका ऐकू येत न्हवता, पर प्लॅस्टिक आलं की तू जोरात दोन देशील, ते ऐकू येतील असं वाटलं हुतं. तू खाली हायस ह्ये म्हाईत हुतं. त्याच्यावरच पाय टाकत हुतो."

आता गप्प बसलो असतो तर त्याला काहीच कळलं नसतं. त्यानं गाडीवर माझा प्रश्न ऐकलाच नव्हता. मी मिठी मारली असती, चार शिव्या दिल्या असत्या आणि सगळं मिटलं असतं. पण ज्याला मी महिनाभर चोर समजलो त्याच्याशी आणखी एक लबाडी करायची? मी त्याच्या समोर तोंड नेलं आणि मोठ्यानं, एकेक शब्द सुटा करून म्हणालो, "मला वाटलं, तू ह्या पोराकडनं कमिशन खातोयस."

ऋतुराज खाली बघू लागला. आकाराम चार पावलं मागं सरला. अमीनला सगळं नीट कळलं होतं.

"कवापासनं वाटतंय?"

"झाला असंल म्हैना."

"आनि म्हैनाभर माझ्यासंगं च्या पीत हुतास?"

मी मान खाली घातली. तो उठला आणि ऋतुराजला म्हणाला, "ते मोठं मागव. तीन मोटरचं. ह्ये बारकं घेऊन जा, ह्याच्यानं आमचा गाळ निघत न्हाय." माझ्याकडं त्यानं पाहिलंही नाही. मी एकही प्रश्न न विचारता ऋतुराजला म्हणालो, "मागवा." आयुष्यात पहिल्यांदाच मी एखादी वस्तू अशी घेतली असेन.

पण गाळ तसाच होता. ढग आणखी खाली आले होते आणि आकाराम पुन्हा जवळ सरकून म्हणाला, "पावणं, आता वं? उद्या लगीन हाय."

मी खुरपं उचललं. "आज मी चढतो. लांब फळ्या द्या, जाड बघून. आनि फुटलेला पत्रा आमच्या खर्चानं."

अमीननं माझ्या पोटाकडं पाहिलं. एरवी हे तो पेठभर सांगत सुटला असता. आज हसला नाही. जमिनीवर पडलेला बांबू उचलला आणि आत निघून गेला.

मी वर गेलो. कमरेला दोर बांधला होता, त्याचं दुसरं टोक ऋतुराजनं खांबाला गुंडाळलं होतं. कितीतरी वर्षांत मी पत्र्यावर चढलो नव्हतो. वरून सगळं सारखंच दिसत होतं. राखाडी, धुळीचं, या टोकापासून त्या टोकापर्यंत. सिमेंट कुठलं, प्लॅस्टिक कुठलं, काही कळत नव्हतं. बोल्टची डोकी गंजून धुळीत बुजली होती. अमीन इतकी वर्षं काय बघत आला, ते मला तेव्हा दिसलं. काहीच नाही. तो फक्त ऐकत होता.

मी पहिल्या फळीवर बसून वाट पाहू लागलो. खाली शांत होतं. आत एक माणूस बांबू घेऊन उभा होता, ज्याला मी थोड्या वेळापूर्वी चोर म्हणालो होतो. त्याच्या जागी मी असतो तर ठोका नीट दिला असता का? दिला असता. बहुतेक. तो 'बहुतेक' मनात आला आणि मी फळी दोन्ही हातांनी घट्ट धरली. हाक मारून काही उपयोग नव्हता. त्याला ऐकू येणार नव्हतं.

मग खालून ठोका आला. एकच, आणि इतका जोरात की माझे कान वाजले. रागाचाच होता. पण बरोबर पाइपावर पडला होता. मी त्यावर पाय ठेवला.